क्रियापद बदललं म्हणून प्रश्न बदलत नाही: चाचणी आणि उद्दिष्टांच्या जुळणीबद्दलचं संशोधन कसं वाचायचं

तुमच्या कॉलेजची अलीकडची एखादी अंतर्गत चाचणीची प्रश्नपत्रिका काढून बघा. प्रश्नाच्या उजवीकडे गुणांच्या शेजारी आणखी दोन छोटे रकाने दिसतील. एकात सीओ 1, सीओ 2 असं काहीतरी, दुसऱ्यात बीएल 2, बीएल 4 असं. सीओ म्हणजे त्या विषयाची अध्ययन निष्पत्ती, बीएल म्हणजे ब्लूमची पातळी. परीक्षा देताना या रकान्यांकडे कुणी बघत नाही. पण संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या माणसाने बघायला हवं, कारण त्या दोन रकान्यांत एक मोठा दावा केलेला असतो: हा प्रश्न ज्याला सुटला, त्याला अमुक गोष्ट येते.

हा दावा तपासणारं संशोधन भरपूर होतं. शिक्षणशास्त्रात एम.एड., एम.फिल.पासून पीएच.डी.पर्यंत ‘प्रश्नपत्रिकांचे उद्दिष्टांनुसार विश्लेषण’ हा विषय वर्षानुवर्षं चालत आलाय, आणि आता अभियांत्रिकीतले लोकही त्यावर लेख लिहू लागलेत. तुमच्यापैकी काहीजण हाच विषय घ्यायच्या विचारात असतील. म्हणून या लेखात दोन गोष्टी करू. या विचाराचा मूळ लेख काय म्हणतो ते बघू, आणि त्यावर उभी राहिलेली कामं कुठे कच्ची राहतात ते बघू.

विचार आला कुठून

मूळ कल्पना साधी आहे. जे शिकवायचं ठरवलं तेच शिकवा आणि तेच तपासा. 1949 मध्ये राल्फ टायलर यांनी अभ्यासक्रमाबद्दल चार प्रश्न मांडले: कोणती उद्दिष्टं गाठायची, त्यासाठी कोणते अनुभव द्यायचे, ते कसे लावायचे आणि उद्दिष्टं गाठली गेली का हे कसं ठरवायचं. पुढचं बरंचसं काम या चार प्रश्नांच्या सावलीत झालंय.

1956 मध्ये बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांचं वर्गीकरण प्रसिद्ध झालं. एक गोष्ट लक्षात ठेवा: ते बनवणारी मंडळी प्रामुख्याने कॉलेज-विद्यापीठांत परीक्षांचं काम पाहणारी होती. वेगवेगळ्या विद्यापीठांना एकमेकांचे प्रश्न वापरता यावेत, निदान ‘आकलन’ म्हटल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच गोष्ट यावी, ही त्यामागची एक मोठी गरज. ब्लूम 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतातही येऊन गेले आणि परीक्षा सुधारणेच्या कार्यशाळा झाल्या. आपल्या बी.एड.मधला ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हा चौकडा आणि घटक चाचणीचा संविधान तक्ता हे त्याच घराण्यातले. म्हणजे ‘आऊटकम’ ही काल-परवाची आयात आहे असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका. शाळेतले गुरुजी संविधान तक्ता कितीतरी आधीपासून भरतायत.

तिसरं नाव जॉन बिग्ज. 1996 मध्ये त्यांनी ‘हायर एज्युकेशन’ या नियतकालिकात लेख लिहून ‘कन्स्ट्रक्टिव्ह अलाइनमेंट’ ही संज्ञा रुजवली. मराठीत तिला रचनावादी जुळणी म्हणू. आज उच्च शिक्षणात जुळणीबद्दल जे काही लिहिलं जातं, त्यात या लेखाचा उल्लेख हमखास असतो. पण उल्लेख करणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

बिग्ज नेमकं काय म्हणाले

त्यांच्या संज्ञेत दोन शब्द आहेत आणि दोन्ही तितकेच महत्त्वाचे. ‘रचनावादी’ म्हणजे अर्थ विद्यार्थी स्वतः रचतो, शिक्षक तो हातात ठेवू शकत नाही. ‘जुळणी’ म्हणजे उद्दिष्ट, वर्गातल्या कृती आणि मूल्यमापन या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला तोंड करून असाव्यात. दोन्ही एकत्र घेतलं तर मुद्दा असा निघतो: विद्यार्थ्याने *काय करायला हवं* हे आधी ठरवा, ते करायला लावणारा वर्ग उभा करा आणि परीक्षेतही तेच करायला सांगा.

त्यांच्या लेखातलं उदाहरण हाँगकाँगमधलं आहे. शिक्षक म्हणून काम करणाऱ्यांसाठीच्या बी.एड.मध्ये मानसशास्त्राचा एक पेपर होता. उद्दिष्ट असं, की शिक्षकांनी हे ज्ञान स्वतःच्या वर्गात वापरावं. मग नेहमीची परीक्षा कशाला? बिग्ज यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, की या ज्ञानामुळे तुमच्या शिकवण्यात काय बदललं याचे पुरावे तुम्हीच निवडा, संग्रहिकेत ठेवा आणि हे पुरावे का मानायचे ते लिहा. विद्यार्थी आधी गोंधळले, चिडलेसुद्धा. हळूहळू ‘सरांना काय हवंय’ या प्रश्नाची जागा ‘मला काय दाखवता येईल’ या प्रश्नाने घेतली.

आता समीक्षकाच्या नजरेने बघा. हा एका अभ्यासक्रमाचा अनुभव आहे. अभ्यासक्रम आखणारे, शिकवणारे आणि त्यावर लेख लिहिणारे एकच. तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला हा प्रयोग नव्हे. शिवाय विद्यार्थी स्वतः शिक्षक होते, रोज वर्गात उभे राहणारे. शिकलेलं वापरायला त्यांच्याकडे जागा तयार होती. म्हणून ‘बिग्ज (1996) यांनी सिद्ध केले की जुळणीमुळे संपादन वाढते’ असं वाक्य कुठे दिसलं तर थांबा. त्यांनी एक रचना मांडली, तिच्यामागचा तर्क दिला आणि एक उदाहरण दाखवलं. ते मोलाचं आहे. पण त्याला ‘सिद्ध केले’ म्हणत नाहीत. संबंधित साहित्याचा आढावा लिहिताना मांडलं, दाखवलं, सुचवलं आणि सिद्ध केलं ही चार क्रियापदं वेगवेगळी वापरायची सवय आत्ताच लावून घ्या.

आपल्यापर्यंत काय पोचलं

जून 2014 मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि अभियांत्रिकीच्या अधिस्वीकृतीत निष्पत्ती-आधारित शिक्षणाचा जोर वाढला. प्रत्येक विषयाच्या निष्पत्ती लिहायच्या, त्या पदवीच्या व्यापक निष्पत्तींशी 3, 2, 1 अशा आकड्यांनी जोडायच्या, प्रत्येक प्रश्न एकेका निष्पत्तीला बांधायचा आणि शेवटी ‘प्राप्ती’ काढायची. ठरवलेल्या गुणांच्या वर 60 टक्के विद्यार्थी गेले तर पातळी 1, 70 टक्के गेले तर 2, 80 टक्के गेले तर 3, अशा धर्तीवर. पुढे हीच भाषा कला, वाणिज्य, विज्ञान शाखांतही आली.

यात बिग्ज यांच्या संज्ञेतला दुसरा शब्द आला आणि पहिला वाटेत राहिला. जुळणी उरली ती तक्त्यात. विद्यार्थी उत्तर लिहिताना प्रत्यक्षात काय करतो हे तक्त्याला दिसत नाही. आणि त्या तक्त्यावरच संशोधन बेतलं, तर संशोधनालाही ते दिसत नाही.

पहिली फट: क्रियापद

तुमच्या ओळखीचा विषय घेऊ, संशोधन पद्धती. समजा निष्पत्ती अशी आहे: ‘दिलेल्या संशोधन प्रश्नासाठी विद्यार्थी योग्य नमुना निवड पद्धत निवडेल आणि निवडीचे समर्थन करेल.’ आता चाचणीतले तीन प्रश्न बघा.

एक: नमुना निवडीच्या पद्धती स्पष्ट करा.

दोन: स्तरित यादृच्छिक नमुना आणि गुच्छ नमुना यांतील फरकाचे विश्लेषण करा.

तीन: एका तालुक्यात जिल्हा परिषदेच्या 120 शाळा आहेत. त्यांतल्या 30 डोंगराळ भागात. तुमच्याकडे शाळाभेटींसाठी 10 दिवस आहेत, दिवसाला दोनच शाळा होतात. इयत्ता पाचवीच्या वाचन क्षमतेबद्दल तुम्हाला बोलायचं आहे. शाळा कशा निवडाल? अशा निवडीमुळे कोणतं विधान तुम्हाला करता येणार नाही?

रकान्यात पहिल्याला बीएल 2, दुसऱ्याला बीएल 4, तिसऱ्याला बीएल 5 असं लिहिलं जाईल. पण दुसरा प्रश्न बघा ना. फरकाचे सहा मुद्दे कुठल्याही गाईडमध्ये दोन स्तंभांत छापलेले असतात. विद्यार्थी ते पाठ करतो आणि उतरवतो. ‘विश्लेषण करा’ असं लिहिलं म्हणून त्याने विश्लेषण केलं असं होत नाही. पहिला आणि दुसरा प्रश्न दिसायला वेगळे आहेत, विद्यार्थ्याच्या डोक्यात घडणारी गोष्ट एकच: आठवण.

बरं, तिसरा तरी सुरक्षित आहे का? नाही. सरांनी आदल्या आठवड्यात हाच तालुका, ह्याच 120 शाळा घेऊन उत्तर फळ्यावर लिहून दिलं असेल, तर तिसरा प्रश्नही आठवणीचाच झाला. म्हणजे पातळी प्रश्नात नसतेच. प्रश्न आणि विद्यार्थ्याची त्याआधीची ओळख यांच्या मधल्या जागेत ती असते.

ही नवी टीका नाही बरं का. 1956 च्या मूळ ग्रंथातच हा इशारा आहे, की परीक्षार्थींना आधी काय शिकवलं गेलंय हे माहीत असल्याशिवाय किंवा गृहीत धरल्याशिवाय प्रश्नाचं वर्गीकरण करता येत नाही. वर्गीकरण जगभर गेलं, इशारा मात्र प्रस्तावनेसारखा मागे राहिला. 2001 च्या सुधारित आवृत्तीत अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी दुसरी मितीही दिली: ज्ञान तथ्यात्मक आहे, संकल्पनात्मक, प्रक्रियात्मक की स्वतःच्या विचाराबद्दलचं. आपल्या रकान्यात त्या मितीला जागाच नाही.

आणि क्रियापदांच्या त्या प्रसिद्ध याद्या? क्लॉडिया स्टॅनी यांनी 2016 मध्ये अशा 30 याद्या एकमेकींशी ताडून बघितल्या. एकच क्रियापद वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या पातळ्यांखाली सापडलं आणि एकमत फारच कमी निघालं. तेव्हा ‘आम्ही ब्लूमच्या क्रियापद यादीनुसार वर्गीकरण केले’ असं एखाद्या प्रबंधात वाचलं, की विचारा: कोणत्या यादीनुसार?

दुसरी फट: दोन तज्ज्ञांचं एकमत

इथे बहुतेक अभ्यास म्हणतात, आमचं वर्गीकरण दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलं आणि 84 टक्के एकमत झालं. ऐकायला भक्कम वाटतं. जरा आकडे मांडून बघू. हे मी समजावण्यासाठी घेतलेत.

प्रश्न 50. दोघांनीही ‘खालची पातळी’ म्हटलेले 38. दोघांनीही ‘वरची पातळी’ म्हटलेले 4. उरलेल्या 8 प्रश्नांवर मतभेद: 4 पहिल्याने वरचे म्हटले, 4 दुसऱ्याने. एकमत 42, म्हणजे 84 टक्के. बरोबर.

पण बहुसंख्य प्रश्न खालच्याच पातळीचे आहेत. डोळे मिटून ‘खालची, खालची’ म्हणत गेलं तरी बरंच एकमत होणारच. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये दिलेला कप्पा गुणांक हेच वजा करतो. दोघांनीही प्रत्येकी 42 प्रश्न खालचे आणि 8 वरचे म्हटले. योगायोगाने होणारं एकमत: 0.84 गुणिले 0.84 अधिक 0.16 गुणिले 0.16, म्हणजे सुमारे 0.73. आता कप्पा: 0.84 वजा 0.73, भागिले 1 वजा 0.73. उत्तर येतं साधारण 0.40. म्हणजे 84 टक्क्यांचा रुबाब एकदम उतरला.

त्याहून बोचरी गोष्ट अशी. ज्या वरच्या पातळीसाठी सगळा खटाटोप, तिथे प्रत्येकाने 8 प्रश्न निवडले आणि जुळले फक्त 4.

आणि समजा कप्पा 0.90 आला, तरी? तरी एवढंच कळतं की दोघं सारखं वाचतात. दोघांनीही क्रियापद बघूनच ठरवलं असेल, तर दोघं मिळून सारखीच चूक करतायत. विश्वसनीयता आहे, सप्रमाणता नाही. नेटच्या तयारीत ही व्याख्या तुम्ही पाठ केलेली असते. तिचा उपयोग करायची जागा ही.

तिसरी फट: प्राप्तीचा आकडा

60 विद्यार्थी, 20 गुणांची चाचणी. लक्ष्य 50 टक्के धरलं आणि 42 जणांना 10 किंवा जास्त गुण मिळाले, तर 70 टक्के, पातळी 2. तेच पेपर, तेच गुण, पण लक्ष्य 60 टक्के धरलं आणि 12 च्या वर 33 जण असले, तर 55 टक्के, पातळी 1 सुद्धा नाही. विद्यार्थ्यांना येणारं काही बदललं का? फक्त रेघ हलली. पुढच्या वर्षी पेपर सोपा काढला की रेघ न हलवताही प्राप्ती वाढेल. म्हणून ‘तीन वर्षांत प्राप्ती 1.8 वरून 2.6 झाली’ हा आलेख प्रगतीचा पुरावा नाही. दरवर्षीची काठिण्यपातळी सारखी होती हे आधी दाखवावं लागतं.

आणखी एक खास आपल्याकडची गोष्ट: ‘कोणतेही तीन सोडवा’. पाच प्रश्न, प्रत्येकी एक निष्पत्ती. अवघड निष्पत्तीचा प्रश्न समजा 14 जणांनीच घेतला आणि त्यातल्या 12 जणांनी लक्ष्य गाठलं. 12 भागिले 14, सुमारे 86 टक्के, पातळी 3. वा! पण उरलेले 46 त्या प्रश्नाकडे फिरकलेही नाहीत. 60 ने भागलं तर 20 टक्के. कोणत्या संख्येने भागायचं हा हिशोबाचा बारकावा वाटतो, पण सगळा निष्कर्ष त्यावरच टांगलेला आहे. पर्याय द्यायचेच तर एकाच निष्पत्तीच्या आत द्यावेत, हा सोपा उपाय आहे.

मग हे सगळं सोडून द्यायचं का?

नाही. असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. एलियट आइस्नर यांनी 1967 मध्येच विचारलं होतं, की शिकण्यातून जे जे निघतं ते सगळं आधी लिहून ठेवता येतं का? हसी आणि स्मिथ यांनी 2002 मध्ये दाखवलं, की निष्पत्तींच्या वाक्यांत दिसणारी अचूकता बऱ्याचदा फसवी असते. विषय माहीत असलेल्यालाच त्या वाक्याचा अर्थ लागतो. शिक्षकांची बाजूही ऐका. संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा, अंतिम पेपर तिसऱ्याच माणसाने काढलेला, वर्गात 70 जण आणि वर तक्ते भरायचे. त्या माणसाला ‘तुमची जुळणी कच्ची आहे’ असं सांगणारा प्रबंध कुणाच्या कामाचा?

तरीही मी जुळणीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण तक्त्यात नाही. परीक्षेत नेमकं काय हवंय हे लिहिलेलं नसतं तेव्हा ते तोंडी फिरतं. सिनियरच्या नोट्समधून, क्लासमधून, घरातल्या शिकलेल्या माणसाकडून. ज्याच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. तो वर्गात शिकवलेलं प्रामाणिकपणे करतो आणि परीक्षेत भलतंच विचारलं जातं. अशा विद्यार्थ्याला उघड, प्रामाणिक निष्पत्ती आणि तिच्याशी इमान राखणारा प्रश्न यांचा मोठा आधार असतो. म्हणूनच खोटी जुळणी जास्त वाईट. ती त्याला सांगते की तुला विश्लेषण येतं, आणि पहिल्याच मुलाखतीत किंवा पहिल्याच संशोधन आराखड्यात त्याला कळतं की येत नाही.

हा विषय घेणार असाल तर

दहा वर्षांच्या 40 प्रश्नपत्रिका गोळा करून टक्केवारी काढू नका. निष्कर्ष आधीच माहीत आहे: बहुतांश प्रश्न खालच्या पातळीचे. तो आणखी एकदा काढून कुणाचंही भलं होत नाही. त्याऐवजी पट लहान करा आणि खोल जा.

एकच विषय, एकच सत्र घ्या. प्रश्नाबरोबर नमुना उत्तर आणि गुणदान योजना मिळवा. बऱ्याचदा प्रश्न ‘मूल्यमापन करा’ म्हणतो आणि गुण मुद्दे मोजून दिले जातात. खरी पातळी गुणदानात दिसते. त्या सत्रात वर्गात काय शिकवलं, कोणते प्रश्न सोडवून घेतले, कोणतं गाईड चालतं, याची नोंद ठेवा. त्याशिवाय वर्गीकरण करू नका. परवानगी आणि संमती घेऊन उत्तरपत्रिका बघा, कारण पुरावा तिथे आहे. सात-आठ विद्यार्थ्यांना समोर बसवून प्रश्न सोडवताना मोठ्याने विचार करायला सांगा. जमलं तर त्याच निष्पत्तीवर एक ओळखीचा आणि एक अनोळखी प्रश्न द्या आणि गुणांतली तफावत बघा. ती तफावत मोठी असेल, तर त्या निष्पत्तीची ‘प्राप्ती’ नेमकी कशाची होती हे तुम्हाला कुठल्याही रकान्यापेक्षा चांगलं सांगता येईल.

आणि वर्गीकरण केलंच, तर टक्केवारीतल्या एकमताबरोबर कप्पा द्या, शिवाय दोन तज्ज्ञांचा पूर्ण तक्ताही द्या. वाचणाऱ्याला स्वतः हिशोब करता आला पाहिजे.

आत्तापुरता एक गृहपाठ. तुम्ही दिलेल्या शेवटच्या परीक्षेतले पाच प्रश्न घ्या. प्रत्येकासमोर लिहा: रकान्यात काय पातळी होती, तुम्ही उत्तर कुठून आणलं, आणि उत्तर पाठ नसतं तर तुम्हाला ते काढता आलं असतं का. तिसऱ्या रकान्यात किती वेळा ‘हो’ येतं ते मोजा. तो आकडा घेऊन मग विषय निवडायला बसा.